वीस ग्रॅम, तीस मिनिटं आणि सहा महिने न हललेली वजनं

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई ५७ वर्षांच्या आहेत, वजन ६४ किलो. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुना आजार यांपैकी काही नाही. सव्वा वर्षापासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी जिममध्ये वजनांचा व्यायाम करतात. पहिल्या चार महिन्यांत ताकद भराभर वाढली, मग वेग मंदावला. गेले सहा महिने सगळ्या मशीनवर तीच वजनं, १५ रेप्सचे (एका दमात १५ वेळा उचलण्याचे) तीन सेट. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत व्हेचा, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनाच्या पुडीचा, एक स्कूप (२४ ग्रॅम प्रथिनं) घेतात, आणि उशीर झाला तर तो दिवस वाया गेला असं त्यांना वाटतं. सोबत बीसीएए (प्रथिनाच्या तीन सुट्या घटकांची पूड), कोलॅजेन आणि तीन महिन्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन. मांस-मासे खात नाहीत, अंडी आणि दूध चालतं. वाचन दांडगं आहे: एक संशोधक म्हणतो एका वेळी २० ग्रॅमच्या वरचं प्रथिन वाया जातं, दुसरा ४० म्हणतो, तिसरा म्हणतो १०० ग्रॅमही सत्कारणी लागतं. त्यात रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं द्रव्य) ०.९ चं १.१ झालं आणि घरच्यांनी 'हे सगळं बंद कर' असा धोशा लावला. जिममधल्या यंत्राने महिन्यात ८०० ग्रॅम स्नायू घटल्याचं दाखवलं. त्यांचा प्रश्न: कुणाचं संशोधन खरं मानायचं, आणि या वयात स्नायू खरंच वाढतात की मी स्वतःची समजूत काढतेय?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात ग्रॅम आहेत, मिनिटं आहेत, मिलिग्रॅम आहेत. प्रथिनांचा हिशेब तर पासबुकासारखा चोख आहे. वजनांचा हिशेब मात्र तुम्ही दोनच शब्दांत उरकलात: 'तीच वजनं'. तुमची खरी अडचण त्या दोन शब्दांत दडली आहे, असं मला वाटतं. पण संशोधकांचं भांडण आधी मिटवल्याशिवाय तुम्ही माझंही ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आधी २०, ४० आणि १०० चं बघू.

हे आकडे निघतात कसे? प्रयोगशाळेत स्वयंसेवकाच्या शिरेतून खूण केलेलं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची एक वीट, सोडतात. बहुतेकदा ते फिनिलॲलॅनिन असतं, ज्यातले कार्बनचे अणू नेहमीपेक्षा किंचित जड असतात. ते किरणोत्सर्गी नसतं. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला भूल देऊन जाड पोकळ सुईने स्नायूचा चिमूटभर तुकडा काढतात. (स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांनी ही सुई १९६०च्या दशकात रुळवली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.) काही तासांनी दुसरा तुकडा काढतात. मधल्या वेळात खुणेचं अमिनो आम्ल स्नायूच्या प्रथिनात किती बसलं, त्यावरून त्या तासांपुरता बांधणीचा वेग कळतो. एवढंच कळतं. स्नायू रोज आपली साधारण १ ते २ टक्के प्रथिनं मोडतो आणि जवळपास तितकीच नव्याने बांधतो. चार तासांच्या वेगावरून वर्षाअखेरीचा स्नायू सांगणं म्हणजे दुकानाच्या एका दुपारच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा सांगणं. त्या दुपारी खर्च किती झाला, हे तर त्यात मोजलेलंच नसतं.

आता तुमचे तीन संशोधक. '२० ग्रॅम' हा आकडा मुख्यतः २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून पसरला. तो कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाचा. सहा तरुण पुरुषांनी फक्त पायांचा व्यायाम केला आणि वेगवेगळ्या दिवशी ०, ५, १०, २० आणि ४० ग्रॅम अंड्याचं प्रथिन घेतलं. २० नंतर बांधणीचा वेग फारसा वाढला नाही, उलट जास्तीचं अमिनो आम्ल इंधन म्हणून जळण्याचं प्रमाण वाढलं. 'वाया जातं' ही समजूत इथून आली. '४० ग्रॅम' २०१६ मधल्या स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या प्रयोगातला आहे. तिथे सराव असलेल्या तरुण पुरुषांनी एकाच बैठकीत सगळ्या अंगाचा व्यायाम केला होता, आणि ४० ग्रॅमने २० पेक्षा सुमारे २० टक्के जास्त बांधणी दिसली. '१०० ग्रॅम' नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या ल्यूक व्हॅन लून यांच्या गटाचा, २०२३ मधला. त्यांनी दुधाचं प्रथिन दिलं. ते बहुतांशी केसीन, म्हणजे सावकाश पचणारं. मोजमापही चार तासांवर न थांबवता बारा तास चालू ठेवलं. १०० ग्रॅमची बांधणी २५ ग्रॅमपेक्षा जास्त झाली आणि जास्त वेळ टिकली.

म्हणजे तिघंही खरं बोलतात. व्यायाम वेगळा, प्रथिन वेगळं, घड्याळ वेगळं. आणि तिन्हीकडे सुई टोचून घेतली ती तरुण पुरुषांनी. ५७ वर्षांची बाई या तिन्ही प्रयोगांत नव्हती. 'कुणाचं खरं' यापेक्षा 'कुणावर केलेलं, किती तासांचं' हा प्रश्न पुढच्या वेळी विचारून बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

वयाबद्दल जे माहीत आहे ते असं. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनाला स्नायू कमी दाद देतो. अभ्यासक याला ॲनाबॉलिक रेझिस्टन्स म्हणतात. २०१५ मध्ये आधीच्या प्रयोगांची माहिती एकत्र करून पाहिलं तेव्हा तरुणांना एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.२४ ग्रॅम प्रथिन पुरत होतं, सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना ०.४० ग्रॅम लागत होतं. तुम्ही मधे आहात. वरचा आकडा धरा: ६४ गुणिले ०.४, म्हणजे एका जेवणात साधारण २५-२६ ग्रॅम. जास्त झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर ती वेळ थोडी फुकट जाते.

आता एक गंमत, जी प्रथिनांच्या जाहिरातीत कधी दिसणार नाही. २०१४ मध्ये फिलिप्स यांच्याच गटाने तरुण पुरुषांची बांधणी पहिल्या व्यायामानंतर मोजली, मग त्यांच्याकडून १६ आठवडे व्यायाम करून घेतला आणि स्नायूची वाढ मोजली. दोन्हींचा मेळ लागला नाही. ज्याचा वेग पहिल्या दिवशी जास्त, त्याचाच स्नायू जास्त वाढला असं झालं नाही. ब्राझीलमधल्या एका गटाने २०१६ मध्ये त्याचं एक कारण दाखवलं: नवख्याच्या स्नायूत पहिल्या आठवड्यांत जी बांधणी होते तिचा मोठा वाटा नुसत्या डागडुजीत जातो. शरीर सरावलं की मग तीच बांधणी वाढीशी जुळू लागते.

म्हणून काही तासांच्या प्रयोगांऐवजी काही महिन्यांचे प्रयोग बघायला हवेत. २०१८ मध्ये असे ४९ प्रयोग, एकूण १,८६३ माणसं, एकत्र तपासली गेली. वजनांच्या व्यायामासोबत जादा प्रथिन घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ३०० ग्रॅम जास्त चरबीविरहित वजन मिळालं. नुसत्या व्यायामाने मिळालेली वाढ सुमारे १.१ किलो होती. म्हणजे पोळीचा मोठा तुकडा व्यायामाचा, प्रथिनाचं वरचं तूप. दिवसाला दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा दिसेनासा झाला, पण त्या १.६ च्या दोन्ही बाजूंना अनिश्चितता मोठी होती, साधारण १.० पासून २.२ पर्यंत. ती लक्ष्मणरेषा नाही. आणि अर्ध्या तासाचं म्हणाल, तर २०१३ मधल्या अशाच एका एकत्रित तपासणीत वेळ पाळणाऱ्यांचा फायदा दिसला खरा, पण त्यांचं दिवसाचं एकूण प्रथिनच जास्त होतं. तो फरक वजा केल्यावर वेळेचा फायदा उरला नाही.

तुमची 'खिडकी' तीस मिनिटांची नाही, जवळजवळ दोन दिवसांची आहे. फिलिप्स यांनी १९९७ मध्ये दाखवलं की उपाशीपोटीसुद्धा, वजनांच्या एका व्यायामानंतर बांधणीचा वेग तीन तासांनी ११२ टक्क्यांनी, २४ तासांनी ६५ टक्क्यांनी आणि ४८ तासांनी ३४ टक्क्यांनी वाढलेला होता. इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकते. तुम्ही व्हे घेता फक्त व्यायामाच्या तीन दिवशी. बाकीचे चार दिवस, म्हणजे स्नायू अजून दार उघडं ठेवून बसलेला असताना, तुम्ही काय खाता?

तुम्ही लिहिलेल्या जेवणाची बेरीज मी केली. सकाळी एक कप दूध आणि पावाचे दोन तुकडे: १२ ग्रॅम. दुपारी शिजवलेल्या कडधान्याची वाटी आणि धान्य: १९. रात्री 'हलकं': १५. एकूण ४६ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.७. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी प्रौढांसाठीची सुरक्षित पातळी ०.८३ आहे, म्हणजे त्या चार दिवसांत तुम्ही त्याच्याही खाली आहात. व्यायामाच्या दिवशी व्हे धरून ७० ग्रॅम, म्हणजे १.१. घड्याळ सांभाळताना आठवडा निसटला, असं झालंय.

दुरुस्ती सोपी आहे. व्हेचा स्कूप संध्याकाळहून सकाळी न्या, आणि तो सातही दिवस घ्या. सकाळ ही तुमची सगळ्यात रिकामी वेळ आहे: १२ अधिक २४, ३६ ग्रॅम. दुपारी आहे त्यात १५० ग्रॅम दही वाढवलं की १९ चे २५ होतात. रात्री दोन अंडी, म्हणजे १५ चे २७. एकूण ८८ ग्रॅम, किलोमागे जवळजवळ १.४. तुमच्यासाठी १.२ ते १.६ (७७ ते १०२ ग्रॅम) हा पट्टा ठेवा आणि रोज त्यात कुठेही पडलात तरी चालेल. संध्याकाळी व्यायाम संपल्यावर दोन तासांत रात्रीचं जेवण झालं, तर वेगळं काही घ्यायची गरज नाही. उशीर झाला त्या दिवशी काहीही वाया गेलेलं नाही.

मोजताना हमखास होणाऱ्या चुका सांगतो. १०० ग्रॅम अंडं म्हणजे १०० ग्रॅम प्रथिन नव्हे. मध्यम अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतं. कोरड्या कडधान्यात शंभराला २२ ते २५ ग्रॅम असतं, पण शिजल्यावर पाणी पिऊन तेच शंभराला ८-९ वर येतं. कोरड्याचा आकडा शिजलेल्या वाटीला लावून लोक स्वतःला दुप्पट-तिप्पट गुण देतात. दुधात शंभर मिलिलिटरला ३.३ ग्रॅम धरा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये ३० ग्रॅम प्रथिन नसतं, ब्रँडप्रमाणे २० ते २५ असतं. पहिला आठवडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, नंतर अंदाज बसतो आणि काटा कपाटात जातो. व्हेने पोट फुगत असेल तर ते बहुधा त्यातल्या लॅक्टोजमुळे. कॉन्सन्ट्रेटऐवजी जास्त गाळलेलं आयसोलेट घेतलं की बऱ्याच जणांचं थांबतं.

अंडीही न खाणाऱ्या वाचकांसाठी: २०२१ मध्ये साओ पावलो इथे तरुण पुरुषांच्या दोन गटांनी १२ आठवडे व्यायाम केला, एक गट पूर्ण वनस्पतिजन्य आहाराचा, दुसरा मिश्र आहाराचा, दोघांचं प्रथिन किलोमागे १.६. स्नायू आणि ताकद सारखीच वाढली. वनस्पतिजन्य गटाने सोयाचं प्रथिन वरून घेतलं होतं. एकूण भरलं की स्रोताचा फरक फार उरत नाही, भरणं मात्र जास्त कष्टाचं असतं. आणि जे सध्या वजन उतरवत आहेत, त्यांनी पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहावं, कारण कमी खाण्याच्या काळात चरबीसोबत स्नायूही जातो आणि प्रथिन तेव्हाच सगळ्यात जास्त कामाला येतं.

आता 'तीच वजनं'.

पहिल्या चार महिन्यांत तुमची ताकद वाढली त्यातला बराच भाग मज्जासंस्थेचा होता. मेंदू जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो, हालचाल सफाईदार होते. हे पहिल्या आठवड्यांत झपाट्याने होतं. स्नायूची खरी जाडी त्यानंतर हळूहळू येते. म्हणजे वाढीचं संथ काम चालू असतानाच तुम्ही वजन वाढवायचं थांबवलंत. ज्या ओझ्याला स्नायू सरावला, त्याला तो आणखी का वाढेल?

या आठवड्यात एक चाचणी करा. प्रत्येक व्यायामाच्या शेवटच्या सेटला १५ वर थांबू नका. ढब न बिघडवता जितक्या रेप्स होतील तितक्या करा. १७ वर अडलात, तर वजन ठीक आहे. २४ झाल्या, तर गेले सहा महिने तुम्ही सेट मधेच सोडत होतात. वजन हलकं असणं हा मुळात दोष नाही. मॅकमास्टरमधल्याच २०१२ च्या प्रयोगात कमाल ताकदीच्या ३० टक्के वजनाने दमेपर्यंत केलेल्या व्यायामाने ८० टक्क्यांच्या व्यायामाइतकीच मांडी वाढली होती. पण 'दमेपर्यंत' हा शब्द त्यात आहे. हलकं वजन आणि लवकर थांबणं, दोन्ही एकत्र चालत नाही.

पुढचे बारा आठवडे असं करा. आठ मशीनऐवजी पाच व्यायाम ठेवा: पायांनी ढकलणं (लेग प्रेस किंवा स्क्वॉट), कमरेतून वाकून उचलणं, छातीपासून ढकलणं, छातीकडे ओढणं, डोक्यावर उचलणं. प्रत्येकाचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याचे नऊ-दहा सेट होतात, ते पुरेसे आहेत. वजन असं निवडा की ८ ते १२ रेप्समध्ये सेट संपेल आणि थांबताना 'अजून दोनच झाल्या असत्या' अशी स्थिती असेल. तिन्ही सेटला १२ जमल्या की पुढच्या वेळी वजन एक पायरी वाढवा. रेप्स परत ८-९ वर येतील. येऊ द्या, तिथून पुन्हा १२ पर्यंत चढा. दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं बसा. मिनिटभरात पुढचा सेट धरला तर धाप आधी अडवते आणि स्नायूचं काम अर्धवट राहतं. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा.

इथे एक बारीक अडचण येते, आणि अनेक बायका तिच्यामुळेच अडकतात. मशीनच्या पट्ट्या बहुधा ५ किलोच्या असतात. लेग प्रेसला ६० चे ६५ होणं म्हणजे ८ टक्के वाढ, जमते. पण खांद्याच्या मशीनवर १० चे १५ म्हणजे एकदम दीडपट. ते जमत नाही, मग माणूस १० वरच राहतो आणि दोष वयाला देतो. यावर तीन उपाय आहेत. जिममध्ये १.२५ किलोची जोडपट्टी मागा, बऱ्याच ठिकाणी ती कोपऱ्यात पडून असते. नाहीतर तो व्यायाम एकेका किलोने वाढणाऱ्या डंबेलवर करा. तेही नसेल तर त्या एका व्यायामाला १२ ऐवजी २० रेप्सपर्यंत चढा आणि मगच पट्टी बदला.

प्रत्येक सेट वहीत लिहा: तारीख, वजन, रेप्स. तीन आठवडे एखादी ओळ हललीच नाही तर आधी झोप आणि जेवण बघा, मग त्या व्यायामाचा एक सेट वाढवा. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखला तर काही बिघडलं नाही. सांध्यात किंवा स्नायूच्या टोकाला, हाडाजवळ, टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम दोन आठवडे कमी वजनावर आणा. कंडरा स्नायूपेक्षा सावकाश तयार होतात, उत्साहाच्या दुसऱ्या महिन्यात त्या कुरकुरतात.

'या वयात वाढतात का?' बोस्टनच्या मारिया फियाटरोन यांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून आठ आठवडे जड वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांचं सरासरी वय ९० होतं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी आणि मांडीच्या स्नायूचा छेद ९ टक्क्यांनी वाढला. १९९४ मध्ये त्यांनी हेच १०० जणांवर केलं, आणि यावेळी काहींना फक्त पोषक पेय दिलं, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसत्या पेयाने काही झालं नाही. तुमच्या शंकेचं उत्तर पहिल्या प्रयोगात आहे, तुमच्या डब्यांच्या रांगेचं दुसऱ्या.

डब्यांवरून: बीसीएए बंद करा. नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी त्यात तीनच असतात. त्यांतलं ल्युसिन हा मुकादम आहे, त्याच्या हाकेने काम सुरू होतं हे खरं, पण विटाच आल्या नाहीत तर भिंत किती उठणार? व्हेच्या स्कूपमध्ये तो मुकादम अडीच ग्रॅमच्या आसपास असतोच, विटांसकट. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन अजिबात नसतं आणि ल्युसिन थोडं असतं. स्नायूसाठी ते घेऊ नका आणि दिवसाच्या ८८ ग्रॅममध्ये धरू नका. व्हे घेताना स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासल्याची खूण बघा. प्रथिनाचा आकडा अनेकदा नायट्रोजन मोजून काढतात, म्हणून ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून तो फुगवता येतो. घटकांच्या यादीत ती वेगळी लिहिलेली दिसली तर डबा ठेवून द्या. क्रिएटिन मात्र कामाचं आहे, रोज ३ ते ५ ग्रॅम. पण सध्या थोडं थांबा, कारण पुढे सांगतो.

क्रिएटिनिन हा क्रिएटिनचाच उरलेला कचरा आहे. शरीरातल्या क्रिएटिनपैकी रोज दीड-दोन टक्के आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं. साठा वाढवला की कचराही वाढतो, मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी. रिपोर्टमधला ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाज) हा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला असतो, तुमच्या ०.९ ला तो ७५ च्या आसपास होता, १.१ ला ५९ च्या आसपास आला. ६० च्या खाली गेल्यामुळे लाल अक्षरं आली आणि घर घाबरलं. सूत्राला बिचाऱ्याला क्रिएटिनचा डबा दिसत नाही.

तरीही हा रिपोर्ट बाजूला टाकू नका. शंकेचं निरसन नीट करून घ्या. क्रिएटिन चार आठवडे बंद ठेवा. तपासणीआधी दोन दिवस जड व्यायाम करू नका. मग क्रिएटिनिन, त्यासोबत सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं एक प्रथिन) आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर, असं तिन्ही डॉक्टरांकडून मागून घ्या. सिस्टॅटिन-सी क्रिएटिनवर अवलंबून नसतं. थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तेही हलतं, ते डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा दीर्घ आजार ठरवायला बिघाड किमान तीन महिने टिकावा लागतो, एका रिपोर्टवर तो ठरत नाही. तिन्ही ठीक आली तर क्रिएटिन परत ३ ग्रॅमवर सुरू करा आणि पुढच्या प्रत्येक रक्ततपासणीच्या कागदावर तसं लिहून द्या. एक जरी बिघडलेलं आलं, तर प्रथिनाचा वरचा पट्टा विसरा. मग तो डॉक्टर ठरवतील. ज्यांना आधीपासून मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांना हा सगळा हिशेब लागू नाही, त्यांना बहुधा कमी प्रथिन सांगितलं जातं. निरोगी माणसांबद्दल घरच्यांना सांगायचं असेल तर: २०१८ मध्ये २८ प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यांत जास्त प्रथिनाने मूत्रपिंडाचं काम बिघडल्याचं दिसलं नाही. निकाल येईपर्यंत प्रथिन वाढवायची घाई करू नका. वजनं मात्र आजपासून वाढवायला लागा, त्याला रिपोर्टची गरज नाही.

राहिलं ते ८०० ग्रॅम. जिमचं यंत्र पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि तो किती अडला त्यावरून पाण्याचा, आणि पाण्यावरून स्नायूचा अंदाज बांधतं. घाम गेला, पाणी कमी प्यालात, उशिरा जेवलात, की अंदाज सहज तेवढा हलतो. गंमत म्हणजे क्रिएटिन सुरू केल्यावर स्नायूत पाणी साठतं आणि हेच यंत्र किलोभर 'स्नायू' वाढवून दाखवू शकतं. आता चार आठवडे बंद ठेवाल तेव्हा तो उतरलेला दिसेल. त्याने दचकू नका. वापरायचंच असेल तर सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, व्यायामाआधी, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा.

त्यापेक्षा एक खुर्ची घ्या. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर दुमडून बसा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसा, वेळ लावा. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांत याला १५ सेकंदांहून जास्त लागले तर स्नायूंची ताकद कमी मानतात. तुम्हाला बहुधा बरेच कमी लागतील. आकडा तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी, व्यायाम नसलेल्या दिवशी, पुन्हा करा. खुर्ची तीच हवी. बैठक चार बोटं जरी बुटकी झाली तरी पायांना जास्त जोर लागतो, आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल की ताकद घटली.